एका दिवसाचा बाजार

मोटारी शेलूबाजारवरून धावू लागल्या आणि आमच्या गावचा मंगळवारचा बाजार तिकडं गेला, तो गेलाच. आधी कासार गेले, मग कापडवाले. मागं राह्यलं आमचं किराणा दुकान, आणि त्यात माशा मारत बसलेला माझा मोठा भाऊ. त्याचं लग्न काही जमेना. 'बाजार नाही तिथल्या दुकानदाराले पोरगी कोण देते?' असं लोक बाबांच्या तोंडावर म्हणत.

त्रेपन्न-चोपन्न साल असेल. मी तेरा वर्षांची. पैनगंगेपल्याडचा एक माणूस आपल्या पोरीसाठी भावाचं स्थळ पाहायला येणार होता. त्याच्या कानावर अजून आमच्या जुन्या बाजाराचंच नाव होतं. बाबांनी त्याला मुद्दाम मंगळवारी बोलावलं आणि घरोघरी हात जोडत फिरले. गावानंही खरंच बाजार भरवला.

पण विकायले सगळे, घ्यायले कोणीच नाही! मग बायकाच घिरट्या घालू लागल्या. माझ्या काकूनं एकच सूप तीनदा विकत घेतलं. मला तर हसू आवरेना. दुकानापुढची गर्दी पाहून पाहुणा खूश. आई त्याला म्हणाली, "पोरीसाठी काही न्या."

"कायले नेऊ? आता दर मंगळवारी तिलेच घ्यायचं हाये इथून."

आई आत निघून गेली. मीही मग हसले नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या मंगळवारी वहिनी नवं लुगडं नेसून, पिशवी घेऊन उभी. "चला बाई, बाजारात." घरच्या मेल्यांनी खरं सांगायचं सोडून मलाच तिच्यासंगं धाडलं! रिकाम्या ओट्यांवर कुत्री झोपली होती.

"लवकर आलो का आपण?" तिनं विचारलं.

"वहिनी, इथं बाजार नाही भरत. त्या दिवशी भरवला होता."

ती तिथंच ओट्यावर बसली. घरी आल्यावर तिनं पिशवी खुंटीला टांगली आणि चूल पेटवली. कोणाला बोल लावला नाही. त्यापेक्षा कडाकडा भांडली असती तर बरं झालं असतं. पुढं दुकान बुडालं, आणि ती लोकांच्या वावरात तण निंदायला जाऊ लागली.

मग माझं स्थळ आलं. बाबा जेवता जेवता त्या गावच्या बाजाराचं कौतुक करून राह्यले होते. सासऱ्याशी कधी न बोलणारी वहिनी भाकर वाढताना म्हणाली, "मामाजी, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी जाजा पाहायले."

बाबा खरंच बाजाराच्या दुसऱ्या दिवशी गेले. तिथं काय पाहिलं ते सांगितलं नाही, पण नकार देऊन आले. मी सुटले. वहिनीच्या बापाला असं सांगणारं कोणी नव्हतं.