बहिणीच्या फोनवर आलेली घाण

माझ्या धाकट्या बहिणीच्या फोनवर जी घाण आली, तिची मला आजही शिसारी येते. आणि त्या घाणीपेक्षा जास्त शिसारी ती बघून नाकानं कांदे सोलणाऱ्यांची येते.

मी वडवणीत ब्लाऊज शिवते, फॉल-पिको करते. बहीण आणि तिचा नवरा दरवर्षी दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, टोळीत तिचा धाकटा दीरही असतो. सातवीतली पोरगी मागं गावातल्या वसतिगृहात राहते. उसाला गेलेल्या बाईला तिची पोर भेटते ती फक्त फोनवर. फडात रेंज नावाला असते, बोलणं होतं पण व्हिडिओ लावला की नुसतं चाक फिरत बसतं. म्हणून आमच्याकडं टोळीला न्यायला ट्रक यायच्या आधी लोक पीठ दळून घेतात तसा फोनही भरून घेतात. गाणी, कीर्तनं, पिक्चर, जे लागेल ते डाउनलोड करून ठेवायचं.

बहिणीला एकच भरायचं होतं. गेल्या हंगामात पोरगी शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, तेव्हा ही फडात मोळ्या बांधत होती. शाळेनं व्हिडिओ इंटरनेटवर टाकलेला. तो उतरवून घ्यायला तिनं कुणाला न विचारता एक वेबसाइट उघडली. विचारलं असतं तरी कोण सांगणार होतं म्हणा. तिथं लिंक चिकटवली, तर एक सोडून हिरवी बटणं चार. खरं कुठलं, देव जाणे. जे सगळ्यात मोठं होतं ते तिनं दाबलं. मग पाटी आली, परवानगी द्या. दिली. आधी हे ॲप घ्या. घेतलं. त्या ॲपनं पुन्हा परवानगी मागितली, पुन्हा दिली. आमच्या बायकांना सवयच लागलीय ती. रेशनला बोट लावा, बँकेच्या मशीनवर लावा, मुकादमाच्या कागदावर लावा. समोरचा जागा दाखवतो, आपण लावायचं. कावून म्हणून विचारलं तर रांग खोळंबते आणि मागचे खेकसतात.

व्हिडिओ काही उतरला नाही. संध्याकाळी सगळे जेवायला बसलेले, फोन मधेच उताणा पडलेला, आणि त्यावर आपोआप एक फोटो आला. उघडी बाई, आणि खाली मराठीत असं काही, जे मी इथं लिहिणार नाही. दिरानं फोन उचलला. "वहिनी काय बघत्यात बघा," म्हणाला. नवऱ्यानं हातातला घास तसाच ठेवून सांगितलं, आता हंगामभर फोनला हात लावायचा न्हाई.

बहीण दुकानात आली तेव्हा ट्रक परवावर आला होता. रडत नव्हती, तेच मला लागलं. "आक्का, पोरीसंग बोलू कशी?" एवढंच म्हणाली. मी मशीन झाकलं आणि तिच्याबरोबर गेले.

दोघं भाऊ अंगणात होते. फोन दिराच्या हातात. तपासतोय म्हणे. काय तपासत होता कुणास ठाऊक, दोन दिवस तपासतच होता. मी फोन मागून घेतला. सेटिंगमध्ये जाऊन त्या वेबसाइटची परवानगी बंद केली, ते ॲप काढून टाकलं.

"पाव्हणं," मी तिच्या नवऱ्याला म्हणाले, "हिनं कायबी बघितलेलं न्हाई. एकदा परवानगी मिळाली की त्या वेबसाइटवाल्यांची घाण आपणहून येती. जेवताना फोन हिच्या हातात तरी होता का?"

"बघितल्याबिगर येतंय व्हय?" तो म्हणाला.

तेवढ्यात दीर शहाणपण शिकवायला पुढं झाला. "तसं नसतंय आक्का. आलेला फोटो दाबावा लागतो. मग वय विचारतंय, मग नंबर टाकाया लावतंय, मग कुठं ती बाई बोलाया येती."

खाई त्याला खवखवे म्हणतात, ह्यानं तर खाऊन वर चवसुद्धा सांगितली.

"तुमाला लई ठाव हाय," मी म्हणाले. "नंबर कुणाचा टाकला? ह्याच फोनचा ना? आता कुठले कुठले बाप्ये हिला फोन करतील, मग पुन्हा हिच्याच नावानं बोंबला."

तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. मला वाटलं, मोठा भाऊ आता तरी त्याला चार शब्द सुनावेल. मोठा भाऊ काडीनं दात कोरत होता. मला तिथंच थुंकावंसं वाटलं.

मी शाळेतल्या बाईंना फोन लावला. त्यांच्याकडं मूळ व्हिडिओ होताच, त्यांनी लगेच पाठवला. इतकं सोपं होतं. ज्यानं काढला त्यालाच मागायचा, नसत्या दारात जायचं नाही. माझ्याकडं माप द्यायला येणाऱ्या प्रत्येकीला आता मी सांगते, बाई, फोननं परवानगी मागितली की आधी न्हाई म्हण, मग वाच काय लिहिलंय ते.

बहिणीनं पोरीचा नाच उभ्यानंच बघितला. नवराही तिच्या खांद्यावरून डोकावला, जरा हसला. "आता फोन तिच्यापाशी राहू द्या," मी म्हणाले. "बघू," तो म्हणाला. मी त्याला हो समजले आणि परत येऊन राहिलेलं ब्लाऊज शिवायला बसले.

ट्रक गेला. पुढच्या रविवारी वसतिगृहातून भाचीचा फोन आला.

"मावशी, आईला फोन लावला की काकाच उचलत्यात. आई फडात हाय म्हणत्यात आन् ठेवत्यात."

"फोन त्याच्याकडं कावून गं?"

"बाबांनीच दिलाय. म्हणले, आईला फोनमधलं कळत न्हाई, काकाला समदं कळतंय."