खांब राहणार!

आमच्या मावसबहिणीला घरात सगळे 'खोडरबर' म्हणतात. विकायला काढलेल्या घरांचे फोटो देखणे करून देणं हा तिचा धंदा. एजंट मंडळी फोटो पाठवतात आणि ही संगणकापुढे बसून कलंडलेल्या भिंती सरळ करते, कोंदट खोलीत ऊन सोडते, दोरीवरचे बनियन गायब करते. तिच्या हाताखालून गेलेलं घर पाहून एका मालकाने विकायचा बेतच रद्द केला होता. एजंटने महिनाभर तिच्याशी बोलणं टाकलं.

पण बाईचा एक हट्ट. जे उचलून घराबाहेर नेता येईल, तेवढंच ती फोटोतून पुसते. चपला, बादल्या, कॅलेंडर, वेळ पडली तर सोफ्यावर झोपलेले सासरे. भिंतीची ओल आणि खिडकीसमोरची टाकी मात्र जागची हलत नाही.

या हट्टाची गाठ पडली आमच्या मामांशी. मामा राहतात तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही आणि गुडघे संपावर. कित्येक महिने ते खाली उतरले नव्हते, खालचं जग बाल्कनीतून ओरडून चालवत होते. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर घर मिळत होतं, पण त्याचा मालक महिनाअखेरपर्यंतच थांबणार होता. त्याआधी मामांचं घर विकलं जायला हवं होतं. आणि मामांच्या हॉलच्या ऐन मधोमध होता एक खांब, जेवायला थांबलेल्या पाहुण्यासारखा.

"अगं, पूस की तो," मामा म्हणाले. "लहानपणी तुला खांद्यावर घेऊन फिरलोय मी."

"मामा, तुम्ही तो उचलून जिन्यात ठेवा, मी लगेच पुसते."

"ऐका! सख्ख्या मामाला नियम सांगते कार्टी!"

मामा रुसले. एजंटने दुसऱ्या कुणाकडून खांब पुसून घेतला. फोटो असा झकास, की हॉलमध्ये क्रिकेट खेळावं. लोकांची रीघ लागली. माणसं धापा टाकत वर येत, खांब बघत, मामीच्या हातचं पाणी पीत आणि निघून जात. एकदा तर मामा खांब झाकायला त्याच्यापुढे उभे राहिले. त्यांचा घेर पाहता कल्पना वाईट नव्हती, पण खांब उंच होता.

मग एका गृहस्थांचा फोन आला. "हॉलमध्ये खांब नाही आणि कपाटाच्या आरशात आहे. घरात भुताटकी आहे का हो?"

पुसणाऱ्याने आरशातला खांब तसाच ठेवला होता! फोटो गावभर फिरला, लोक पोट धरून हसले आणि रीघ आटली.

दुसऱ्या दिवशी खोडरबर कॅमेरा घेऊन हजर. "मामा, रुसायचं तर आत जाऊन रुसा. हॉल मोकळा हवाय मला."

तिने पडदे सारले, वर्तमानपत्रांचे गठ्ठे हलवले, खांबाच्या दोन बाजूंना दोन खुर्च्या मांडल्या आणि समोरून फोटो काढला. घरी जाऊन खांब ओळंब्यात आणला, त्याच्यावर सकाळचं ऊन पाडलं.

"ताई, पहिलाच फोटो खांबाचा?" एजंट कळवळला.

"पहिलाच. ज्याला खांब चालतो, तोच जिने चढेल."

आठवडाभर कुणीच चढलं नाही. महिना संपत आला.

"तुझ्या नियमापायी मी इथेच म्हातारा होणार," मामा म्हणाले.

"ते काम तुम्ही आधीच उरकलंय. खांब राहणार!"

आणि एका सकाळी दोन बहिणी आल्या, दोघीही निवृत्त शिक्षिका. जन्मभर शाळेचे जिने चढलेल्या, त्यामुळे धाप वगैरे काही नाही. त्यांनी ना स्वयंपाकघर पाहिलं, ना बाल्कनी. एक खांबाच्या या बाजूच्या खुर्चीत बसली, दुसरी त्या बाजूच्या.

"दिसते का गं मी?" थोरलीने विचारलं.

"नाही."

"मलाही तू दिसत नाहीस. चाळीस वर्षं हिचा टीव्ही आणि माझं वाचन एकाच खोलीत! घेऊन टाकू या."

मामी आत जाऊन पदरात तोंड लपवून हसली.

घर सोडायच्या दिवशी मामांनी खांबाला थाप मारली. "आता हाच उचलून न्यावासा वाटतोय."

मामा दाराबाहेर आले, तेव्हा खोडरबर जिन्याच्या दोन पायऱ्या खाली उभी होती. तिने हात पुढे केला. "आधी तुम्हाला नेऊ. टेका हात खांद्यावर. लहानपणची फेड."