पेटी बाहेर नेताना

बंगळुरूत मारतहळ्ळीचं पीजी सोडून मी एचएसआर लेआउटला बॉयफ्रेंडच्या फ्लॅटवर राहायला गेले, तेव्हा दोन बॅगा, एक मिक्सर आणि आईची बाजाची पेटी एवढाच माझा संसार होता. या पेटीवर आईने गावभरच्या बायकांना भजनं शिकवली. ती देताना, कुणाच्या हाती सोपवू नकोस, असं तिने बजावलं होतं. घरी मी मैत्रिणीबरोबर राहते असं सांगितलेलं, त्यामुळे पेटी कुणाच्या घरात आहे हे तिला ठाऊकच नव्हतं.

थोड्याच दिवसांत पेटीच्या भात्यातून हवा जायला लागली. तो क्रिकेट खेळायला गेला असताना मी ऑटो बोलावली आणि पेटी दुरुस्तीला न्यायला निघाले. गेटवर सिक्युरिटीने अडवलं. सामान बाहेर न्यायचं तर फ्लॅटवाल्याने ॲपवर ओके द्यावं लागतं म्हणे. ही माझीच आहे, मी इथेच राहते, असं मी परोपरीने सांगितलं. त्याने फोनमध्ये पाहिलं.

"अक्का, आप का नाम नहीं है. गेस्ट दिखा रहा है."

तो उद्धटपणे बोलला असता तर मी भांडले तरी असते. मी बॉयफ्रेंडला फोन लावत राहिले. तो उचलेना. उद्या आमचं बिनसलं आणि याने मुद्दामच फोन उचलला नाही तर? तो तसा नाही हे माहीत होतं, असले विचार येतात याची लाजही वाटत होती. शेवटी त्याचं ओके आलं आणि सिक्युरिटीवाल्यानेच पेटी उचलून ऑटोत ठेवली.

संध्याकाळी तो घरी आल्यावर मी म्हटलं, गेटवर माझं नाव घाल. तो आधी बघू म्हणाला, मग खरं काय ते बाहेर आलं. फ्लॅट घेताना त्याने घरमालकाला, एकटाच राहणार, असं सांगितलं होतं.

"सांगतो गं त्यांना. आणि मी लगेच ओके केलं ना?"

"आज केलंस," मी म्हणाले.

त्याला ते लागलं. मीही घरी थापच मारली होती, त्यामुळे तोंड वर करून बोलता येईना.

पेटी तयार असल्याचा दुकानातून फोन आला, तेव्हा मी ती तिथेच राहू द्या म्हटलं. दुकानदार सरी, म्हणजे बरं, म्हणाला. बॉयफ्रेंड माझ्या शेजारीच बसला होता. घरमालकाला माझं नाव कळेपर्यंत पेटी या घरात येणार नाही, असं मी त्याला सांगून टाकलं.

"आणि तू?" त्याने विचारलं.

माझ्याबद्दल मी काहीच ठरवलं नव्हतं.