नको म्हणणारा हात

करडीचं तेल पितळी वाटीत कोमट होऊ लागलं की त्याला एक जडसर, भाजका वास येतो. त्यात ओव्याच्या धुरीचा वास मिसळला की तो पौष महिना माझ्यापुढे पुन्हा उभा राहतो. कंधारला माहेरी, परसातल्या कोवळ्या उन्हात पाय पसरून पाटावर बसलेली कोंडाबाई आणि तिच्या पायांवर माझी पाच दिवसांची लेक. जन्मताना तिचा खांदा अडकला होता, मोठ्या कष्टाने तिला बाहेर घ्यावं लागलं होतं. पण घरी आलो तेव्हा सगळं निभावलं, असंच आम्ही समजत होतो.

कोंडाबाईने गल्लीतली दोन पिढ्यांची लेकरं न्हाऊ घातलेली. तेल चोळून झालं की ती बाळाचे दोन्ही हात छातीवर आडवे ओढायची, आणि असं ओढल्यावर कुठलंही बाळ चवताळून हात मागे घेतं. त्या सकाळी ती मध्येच थांबली.

"ताई, ह्यो डावा हात नगं म्हणतच न्हाई," ती म्हणाली. "थांबा, जरा ओढून बसवते."

अंगातलं सगळं अवघडलेपण विसरून मी ओरडतच उठले आणि लेक तिच्या पायांवरून उचलून घेतली. डावा हात कोपरात सरळ, आत वळलेला, निमूट लोंबत होता. चाळीस वर्षं हे काम करणाऱ्या बाईचा मी अपमान केला, असं आई म्हणाली. केलाच, आणि त्याची मला आजही लाज वाटत नाही. पण तो हात ओळखला तिनेच, आम्ही शिकलेल्यांनी नाही, हेही तितकंच खरं; म्हणून दुसऱ्या दिवशी नांदेडला डॉक्टरांकडे निघताना मी तिलाही एसटीत सोबत घेतलं.

हाड मोडलेलं नव्हतं. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या गेल्या होत्या. आधी विश्रांती, मग रोज ठरल्या वेळी अगदी हलके व्यायाम. ओढणं मात्र मुळीच नाही. बहुतेक बाळांचा हात सुधारतो, पण तीन महिन्यांत कोपर वाकलं नाही तर शस्त्रक्रियेचा विचार करावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. कोंडाबाई पदराला हात पुसत त्यांनी दाखवलेली एकेक हालचाल डोळ्यांत साठवत होती.

बारशाला लातूरहून सासरची माणसं आली. सासूबाईंनी हळूच शाल पुढे केली. "गुंडाळ बाई. पोरीची जात हाय, लोकायला कशाला दिसाय पायजे?"

त्या मायेनेच बोलल्या, म्हणून मला जास्त संताप आला. जिचं अजून नावही ठेवलं नव्हतं, तिचं लग्न यांच्या मनात मोडूनही झालं होतं! मी लेकीला बिनबाह्यांचं झबलं घातलं आणि पाळणा उजेडात ओढून घेतला. ज्याला तो हात पाहायचा असेल, त्याने डोळे भरून पाहावा.

नंतरचे दिवस लांबलचक होते. कोंडाबाई तेलाची वाटी बाजूला ठेवून आधी तो हात वाकवायची, उचलायची, इतक्या हलक्या हाताने की मला तिच्यावर ओरडल्याचं वाईट वाटे. मी मात्र रोज देवाशी भांडत होते. माघ गेला, फाल्गुन गेला, परसात कडुलिंबाच्या मोहराचा कडू-गोड वास भरून राहिला आणि डॉक्टरांनी दिलेली मुदत संपत आली.

अशाच एका सकाळी कोंडाबाईने बाळाचं तोंड पुसायला हात नेला, तर डावं कोपर सावकाश वाकलं आणि त्या इवल्या मुठीने तिचं मनगट बाजूला सारलं.

"नगं म्हणली! ताई, नगं म्हणली!"

हात अजून खांद्याच्या वर जात नाही. जाईल की नाही, कुणीच सांगत नाही. तिला मोठी होताना सोसायला शिकवणारे पुष्कळ भेटतील. मी मात्र तिच्या पहिल्या नकारासाठी तीन महिने जीव मुठीत धरून बसले होते, आणि तो आता मी कुणाला मोडू देणार नाही. त्या सकाळी कोंडाबाईने डोक्यावरून पाणी ओतायला तांब्या उचलला, तसा तोच हात पुन्हा आडवा आला. आणि कोंडाबाईने तांब्या खाली ठेवला.