आमची सून कॉम्प्युटर बांधते

आमच्या घरात बिघडलेल्या वस्तूला थापड मारायची रीत होती. टीव्हीवर मुंग्या आल्या की बाबा उठून त्याच्या पाठीत एक ठेवून द्यायचे. रेडिओला, टॉर्चला, मिक्सरलाही तोच इलाज. वहिनी लग्न होऊन हिवरखेडला आली त्याच आठवड्यात बाबांनी टीव्हीवर हात उगारला आणि डोक्यावरचा पदर सावरत नवी नवरी बोलली, "मामाजी, मारू नका. त्याला काय झालं ते मला पाहू द्या." माय भाकरी करत होती, तिच्या हातातला भाकरी उलटायचा सराटा तसाच राहिला. आमच्याकडे नवी सून सासऱ्याशी वर्षभर दाराआडूनच बोलायची. बाबांचा हात मात्र खाली आला. वहिनीनं टीव्हीच्या मागची वायर काढली, तिचं टोक चाकूनं खरवडलं आणि परत लावलं. चित्र आलं. बाबा बातम्या संपेपर्यंत अधूनमधून तिच्याकडेच पाहत होते.

वहिनी अमरावतीची. तिथेच तिनं इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला होता. "एका वेळी एकच" हे तिचं बोलणं घरात इतकं रुळलं की शेवटी मायही म्हणायला लागली. वरण बिघडलं की माय घाईघाईनं मीठ, गूळ, चिंच सगळं टाकायची. वहिनी तिचा हात धरायची. "एका वेळी एकच टाका, अन् चाखा. नाहीतर कशानं बिघडलं अन् कशानं सुधारलं, काहीच समजणार नाही." दादा रागावला की मागची सगळी उणीदुणी एकदम काढायचा. तेव्हाही ती शांतपणे सांगायची, "आज एकाच गोष्टीवर भांडू. बाकीच्या उद्या काढा." आता यावर माणूस भांडणार तरी काय? दादा चप्पल घालून वावराकडे चालू लागायचा.

ती वर्षं कापसाची वाईट वर्षं होती. एरवी दिवाळीनंतर आमची कापसाची खोली छपरापर्यंत भरायची आणि आम्ही पोरंसोरं तिच्यात उड्या मारायचो. त्या सुमारास मात्र खोलीची भिंत उघडी दिसायला लागली. गावात माणसं भेटली की हवापाण्याचं बोलून गप्प व्हायची. कोणाच्या घरचं विचारायची भीती वाटायची. एके दिवशी जेवण वाढता वाढता वहिनी बाबांना म्हणाली, "मामाजी, ती खोली मला द्या. पोरींसाठी कॉम्प्युटरचा क्लास काढते." गावातल्या बारावी झालेल्या पोरी घरीच बसून होत्या. क्लास होता अकोटला, आणि परतीच्या बसचा भरवसा नव्हता. मीही त्यांच्यातलीच एक.

बाबांनी घास तसाच हातात धरला. "अन् कापूस आला तं?"

"आला तर कॉम्प्युटर मी स्वयंपाकघरात नेईन."

बाबा हसले. त्या हंगामात त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

दादाचं म्हणणं होतं की तयार कॉम्प्युटर घ्यावा. वहिनी म्हणाली, "तयार घेतला तर चालवता येईल. जोडला तर समजेल." ती अमरावतीला माहेरी गेली, भावाबरोबर दुकानं पालथी घालून सुटे भाग निवडले आणि एसटीनं घेऊन आली. मदरबोर्डचा खोका तिनं सगळा रस्ता मांडीवर ठेवला होता. कंडक्टर म्हणाला, वर ठेवा बाई, तर त्याला म्हणाली, "लेकरू आहे असं समजा." शनिवारभर खोलीत सतरंजी टाकून तिनं तो जोडला. रविवारी सकाळी चालू करायचा ठरला. बाबांनी तिला न विचारता अर्ध्या गल्लीला आवतण देऊन ठेवलं होतं.

शेजारचे युसूफचाचा सगळ्यांच्या आधी आले. बसस्टँडवर त्यांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि क्लासला पहिलं नाव त्यांच्या लेकीचं, शबानाचं होतं. घरच्यासारख्या बाईच्या हाताखाली शिकणार आहे, हे सांगून त्यांनी आपल्या भावांना कसंबसं राजी केलं होतं. मायनं नारळ फोडला. वहिनीनं बटण दाबलं. पंखा फिरला, हिरवा दिवा लागला, आणि पुढे काहीच झालं नाही. मॉनिटर काळाच. सगळे त्या काळ्या काचेत आपापली तोंडं पाहत उभे.

"लाइट त लागला. पिच्चर काहून नाई येऊन राहिला?" कोणीतरी विचारलं.

बाबांचा उजवा हात आपोआप वर गेला. मग त्यांनी तो हळूच पाठीमागे नेला आणि डाव्या हातानं धरून ठेवला.

वहिनीनं बटण बंद केलं. तिच्या गालावर लाली चढली होती, पण आवाज नेहमीसारखा होता. "बसा सगळे. वेळ लागेल." आणि ती कामाला लागली. आधी मॉनिटरची केबल काढली, तशी काचेवर 'केबल जोडा' अशी सूचना आली. म्हणजे मॉनिटर जिवंत. मग आतला सीडी ड्राइव्ह काढला, हार्ड डिस्क काढली. प्रत्येक वेळी एकच वस्तू काढायची, बटण दाबायचं आणि पाहायचं. काळंच. शेवटी तिनं रॅमची पट्टी काढली आणि मला म्हणाली, "नंदाबाई, आता यानं ओरडायला पाहिजे. रॅम नसली की बोर्ड शिट्टी मारतो." तिनं बटण दाबलं. आम्ही कान देऊन ऐकत होतो. पंख्याच्या आवाजाशिवाय काही नाही.

लोक एकेक करून उठले. जाताना कोणी वाईट बोललं नाही, तेच जास्त लागलं. युसूफचाचा दारात घोटाळले. "बेटी, कल से क्लास का क्या करना?" वहिनी म्हणाली, "चाचा, उद्या सकाळी सांगते."

लोक गेल्यावर दादा उसळला. "म्या म्हणलं होतं, रेडीमेड घे! आता दे तो खोका इकडे. उद्या अमरावतीले जाऊन दुकानदाराच्या टेबलावर ठेवतो. तो करन दुरुस्त."

"तो करेल," वहिनी म्हणाली, "पण काय झालं होतं ते मला कसं समजेल? उद्या एखाद्या पोरीचा बंद पडला तर तिला काय सांगू, अमरावतीला जा म्हणून?"

तेवढ्यात भारनियमनाची वेळ झाली आणि लाइट गेली. मला वाटलं, आता ही रडेल. तिनं हात धुतले, पोटभर भाकरी-ठेचा खाल्ला आणि त्याच खोलीत सतरंजीवर आडवी होऊन चक्क झोपली. मायनं दारातून डोकावून पाहिलं. "झोपली व! हिले काई चिंता हाय का नाई?" मला नंतर समजलं, हीही तिची रीतच होती. डोकं तापलं की हात चुका करतो, म्हणून ती आधी डोकं निववायची.

संध्याकाळी, दिवाबत्तीच्या वेळी लाइट आली, तेव्हा ती ताजीतवानी उठून बसली. या वेळी तिनं अख्खा मदरबोर्डच कॉम्प्युटरच्या पत्र्याच्या पेटीतून बाहेर काढला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर मांडला. फक्त प्रोसेसर, रॅम आणि मॉनिटर जोडला. बटण तर पेटीवर राहिलेलं. तिनं स्क्रूड्रायव्हरचं टोक बोर्डावरच्या दोन पिनांना टेकवलं. टुंई! एकच बारीक शिट्टी झाली आणि मॉनिटरवर पांढरी अक्षरं धावत आली. मी ओरडलेच. बाबा ओसरीवरून धावत आले, माय आली, दादा दारात उभा राहिला.

वहिनीनं आम्हाला आनंदही करू दिला नाही. तिनं बोर्ड परत पेटीत बसवला, बटण दाबलं. काळं. "म्हणजे बोर्ड चांगला आहे," ती स्वतःशीच म्हणाली, "पेटीत काहीतरी टोचतंय त्याला." तिनं बोर्ड पुन्हा काढला आणि पेटीच्या तळावरून बोट फिरवत गेली. बोर्ड पत्र्याला चिकटू नये म्हणून खाली छोट्या पितळी खुंट्या लावतात. त्यांतली एक खुंटी अशा जागी होती जिथे बोर्डाला भोकच नव्हतं. ती खालून बोर्डाच्या जोडांना टेकत होती, आणि तिथेच सगळं अडत होतं. वहिनीनं ती पक्कडीनं काढली. मग सगळं परत बसवलं, बटण दाबलं. खोलीभर उजेड झाला असं मला वाटलं, खरं तर मॉनिटरचाच होता.

"चूक माझीच," ती म्हणाली. "खोक्यात जेवढ्या खुंट्या आल्या तेवढ्या लावून टाकल्या मी. बोर्डाची भोकं मोजलीच नाहीत."

दादाचा राग केव्हाच गेला होता. तो हळूच म्हणाला, "सकाळी लोकं येतीन तं माल खराब होता म्हणून सांग. कोणाले काय समजते?"

"अहो, पहिल्याच दिवशी खोटं बोलून पोरींना काय शिकवू?"

आणि सकाळी ती खरं तेच बोलली. सगळ्यांसमोर ती खुंटी तळहातावर ठेवून चूक कुठे झाली, कोणाची झाली, कशी सापडली ते सांगितलं. मग युसूफचाचा म्हणाले, "अपनी गलती खुद बताने वाली मास्तरीन मैंने तो पहली बार देखी. शबाना, बैठ जा बेटी." शबाना बसली. तिच्या शेजारी मी.

त्या क्लासची गंमत अशी की आम्ही टाइप करायला शिकलो ते फार पुढे. वहिनी आमच्या पाठीमागे कॉम्प्युटरमध्ये काहीतरी बिघाड करून ठेवायची. कधी रॅम अर्धवट बसवायची, कधी एखादी वायर सैल करायची, आणि म्हणायची, "शोधा." पोरी पदर खोचून, ओढणी कमरेला बांधून शोधायच्या. दुसऱ्या वर्षी दुसरा कॉम्प्युटर आला, तो आम्हीच जोडला. तेल्हाऱ्याच्या एका शाळेतले बंद पडलेले कॉम्प्युटर दुरुस्त करायला वहिनी शबानाला आणि मला घेऊन गेली, तेव्हा शिपायानं विचारलं, "मेकॅनिक कुठी हाय?" वहिनी म्हणाली, "हे काय, तीन आहेत." मी आयुष्यात इतकी ताठ कधी उभी राहिले नव्हते.

बाबा चांदूर बाजारला बैलांच्या बाजाराला जात, तिथेही ओळखीपाळखीच्यांना सांगत, "आमची सून कॉम्प्युटर बांधते." बांधते म्हणजे काय, असं कोणी विचारलं तर घर बांधतात तसे हातवारे करून दाखवत. पुढे खुंटीची गोष्टही सांगत, आणि ती सांगताना त्यांची छाती जास्तच फुगायची. "चूक बी तिनंच केली, अन् हुडकून बी तिनंच काढली."

काही वर्षांनी अमरावतीच्या एका तंत्रशाळेत वहिनीला शिकवायची नोकरी लागली. घरात बोलणी सुरू झाली. मायला वाटे, नवरा वावरात आणि सून लहान लेकरू घेऊन शहरात, लोक काय म्हणतील? दादा म्हणाला, मी शनिवारी जात जाईन. वहिनी स्वतः मात्र काही ठरवत नव्हती. शेवटी बाबांनीच सांगितलं, "सूनबाई, तू जाय. वावर आमी पाहतो. क्लास शबाना पाहीन."

ती गेली तो दिवस मला लख्ख आठवतो. क्लासच्या पोरी दारापर्यंत आल्या होत्या. दादा लेकराला कडेवर घेऊन पुढे गेला होता. वहिनी बॅग उचलायला वाकली, तर बाबांनी ती आधीच उचलून डोक्यावर घेतली होती. सासऱ्यानं सुनेचं सामान डोक्यावर घेऊन गावातून चालणं आमच्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. चावडीपाशी बसलेली माणसं उठून उभी राहिली. दुकानांच्या फळ्यांवरून माना वळल्या. वहिनी पदर सावरत मागून जवळजवळ धावत होती.

"मामाजी, द्या ना ती इकडे. सगळे पाहून राहिले."

बाबा थांबले नाहीत. बसस्टँडपर्यंत सगळा बाजार अजून बाकी होता, आणि ते मधल्या रस्त्यानं चालत होते.

"पाहू दे," ते म्हणाले. "त्याच्यासाठीच त घेतली."