स्लायडर कोणाच्या हातचं?

आठ वर्षं ताईच्या डोक्यात एकच प्रवेश चालू होता. चारचौघं जमलेत, मधोमध तिचा धाकटा भाऊ उभा आहे, आणि सगळ्यांच्या देखत तो म्हणतोय, "वर्कशॉपमधलं सगळं वेल्डिंग ताई करायची." बस, एवढंच वाक्य. भांडी घासताना, ग्राइंडरला नवी चकती लावताना, दातांना ब्रश करताना तिने तो प्रवेश इतक्या वेळा बसवला होता की त्यात रोज थोडी थोडी सुधारणा होत गेली. कधी भाऊ हात जोडायचा, कधी रडायचा. फारच चिडलेली असली की ती प्रवेशात पाऊस पाडायची आणि त्याची छत्री काढून घ्यायची.

वर्कशॉप वडिलांचं. ताई सोळाव्या वर्षी तिथे शिरली आणि तिच्या हाताला वेल्डिंग असं बसलं की वडील गिऱ्हाइकाला सांगायचे, हा जोड तुटणार नाही, शेजारचं लोखंड तुटेल. बाळ्या, म्हणजे धाकटा, काउंटरवर. तिच्याकडे हात, त्याच्याकडे जीभ. वडील गेल्यावर महिन्याभरात तो एक कागद घेऊन आला. ताईच्या एका हातात हेल्मेट होतं, दुसऱ्यात तापलेला पाइप. "बँकेचं आहे गं, सही कर पटकन." तिने केली. पुढच्या महिन्यात पाटी बदलली, त्याच्या पुढच्या महिन्यात कुलूप.

कुलूप तिने एखाद वेळी माफही केलं असतं. पण गिऱ्हाइकं विचारायची, ताई कुठे गेल्या, तर हा म्हणायचा, "ताई? ती फोन घ्यायची, चहा करायची. वेल्डिंगचा हात पहिल्यापासून माझाच."

चहा! बावीस वर्षं ठिणग्यांनी कोपरापर्यंत भाजून घेतलेली बाई चहा करायची!

मग ताईने घरामागच्या अंगणात पत्र्याची शेड टाकली. खिडक्यांचे गज, फाटकं, कधीमधी गाड्यांची कामं. तिचा नवरा आयुष्यभर कंपाउंडर होता, आता रिटायर होऊन शेडच्या दारात पेपर वाचत बसायचा. तो अधूनमधून म्हणे, "अगं, सोडून दे आता."

"तुम्ही सोडा. तुम्हाला सवय आहे. सिगारेट चार वेळा सोडलीत."

अशात एके दिवशी दातांच्या डॉक्टरीणबाई आपला उंच चाकांचा ट्रक घेऊन फाटकाशी आल्या. ट्रकचं डावं दार खालून चेपून आत गेलं होतं, आणि त्याखालचं स्लायडर मधोमध मोडून लोंबत होतं. स्लायडर म्हणजे दाराखाली, पुढच्या-मागच्या चाकांमध्ये आडवा बसवलेला जाड पाइप. डोंगरातल्या दगडी वाटेवर गाडी खडकावर टेकली, की सगळं वजन त्या पाइपाने घ्यायचं आणि गाडी घसरत पुढे निघायची. दाराला ओरखडासुद्धा येता कामा नये.

"गाडी डाव्या कुशीवर कलंडली. मी उजव्या खिडकीतून वर चढून बाहेर आले, ताई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ह्या वयात. ह्या वजनात."

ताई वाकली. पाइपावर बाळ्याच्या नावाचा स्टिकर होता.

"कधी बसवलंत हे?"

"सात वर्षं झाली. तुमच्या भावाने स्वतः केलं म्हणाला."

सात. आणि ती बाहेर पडली त्याला आठ. ताईने मनातल्या मनात वजाबाकी दोनदा केली आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "बसा ना, डॉक्टर. पंख्याखाली बसा."

नवीन स्लायडर कसं घ्यावं यावर मग तासभर बोलणं झालं. बाईंना चकचकीत काळं पावडर कोटिंग हवं होतं, वर पाय ठेवायला नक्षीची पट्टी.

"पाय ठेवायला शिडी घ्या," ताई म्हणाली. "हे गाडी वाचवायला आहे. पाइप बिनजोडाचा घ्यायचा, पाच मिलिमीटर जाड. बसवायचा चॅसीवर, खालच्या सांगाड्यावर, वरच्या पत्र्यावर नाही. पत्रा काय, पापडासारखा दुमडतो. आणि रंग साधा काळा."

"अहो पण पावडर कोटिंग किती सुंदर दिसतं!"

"दिसतंच. पण पहिल्याच खडकाने त्याला चीर पडते आणि पाणी त्याच्या कातडीखाली शिरतं. वरून झकास, आतून गंज. साधा रंग निघाला तर निघालेला दिसतो. घरी ब्रश मारा, झालं."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. "म्हणजे कॅपखाली किडलेली दाढ!"

"तेच. तुमच्या दाराखाली इतकी वर्षं होती ती."

बाईंचा डोंगरात गाड्या घालणाऱ्यांचा एक क्लब होता. त्यांचं दार पाहून बाकीच्यांचे धाबे दणाणले होते आणि नऊच्या नऊ गाड्यांची स्लायडरं एकाच ठिकाणी नवीन करून घ्यायचं ठरत होतं. बाळ्याकडे की ताईकडे, एवढाच प्रश्न.

"रविवारी सगळ्यांना इथे बोलवा," ताई म्हणाली. "गाड्या घेऊन. आणि त्यालाही. हे मोडकं मी सगळ्यांसमोर कापते. मग ठरवा."

नवऱ्याला तिचा तो प्रवेश पाठ होता. तो पेपरामागून म्हणाला, "झालं. आता पाऊस पाडणार."

त्या आठवड्यात तिने डॉक्टरीणबाईंची नवी जोडी केली आणि सूड म्हणूनच केली. घासताना तिला बाळ्याचं नाक दिसे, प्रायमर देताना बाळ्याचं तोंड. रंगाचे तीन हात, प्रत्येक हातानंतर पूर्ण वाळवण. रागाने इतकं स्वच्छ काम होतं हे तिला तोवर ठाऊक नव्हतं.

रविवारी सकाळी बाळ्या सगळ्यांत आधी आला. पांढरा शर्ट, काळा चष्मा. आपला ट्रक त्याने थेट आत, भिंतीला लावून उभा केला. मागून क्लबच्या गाड्या येत गेल्या आणि अंगण फाटकापर्यंत भरलं. क्लबचे सेक्रेटरी म्हणजे गाडी शिकवण्यात हयात गेलेले एक मास्तर. ते सगळ्यांना उगीचच "मागे घ्या, मागे घ्या" करत होते.

"बरी आहेस ना, ताई?" बाळ्याने विचारलं.

"तुझ्या कृपेने."

तिने मोडकं स्लायडर टेबलावर ठेवलं. "हे तुझ्याच वर्कशॉपचं ना रे?"

"स्टिकर आहे की."

"वेल्डिंग कोणाचं?"

"माझ्या हातचं. सगळ्यांना माहितीये."

ताईला हसू दाबावं लागलं. तिने चष्मा चढवला आणि कटर लावला. पाइप दुभंगला आणि आतून ओलसर, तपकिरी भुसा टेबलावर सांडला. पाच मिलिमीटरचं लोखंड कागदाएवढं उरलं होतं.

"कीड!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. "मुळापर्यंत!"

कुजबुज सुरू झाली. बाळ्याने काळा चष्मा काढून पुसला, परत लावला, परत काढला. ताईला वाटलं, आता शेवटचा घाव. जोडसुद्धा कसा गचाळ आहे ते दाखवावं. टोकाचा तुकडा घेऊन तिने तारेच्या ब्रशने त्यावरचा रंग खरवडला.

आणि तिचा हात थांबला.

वेल्डिंगच्या रेघेवर माशासारखे बारीक खवले असतात, आणि हात ज्या बाजूला सरकला त्या बाजूला ते झुकतात. हे खवले उलटे होते. डावखुऱ्या माणसाचे. त्या वर्कशॉपमध्ये डावखुरं माणूस एकच होतं. आणि रेघेच्या शेवटी टाचणीएवढं भोक. पाइपाचं शेवटचं तोंड बंद करण्याआधी आतली तापलेली हवा जायला खालून एक बारीक भोक पाडून ठेवावं लागतं. नाही पाडलं, तर हवा शेवटच्या थेंबातून फुटून निघते, जोडात छिद्र राहतं, आणि पाणी आत जातं ते कायमचं. ती दर वेळी पाडायची. ह्या वेळी विसरली होती. त्या कागदाच्या, कुलपाच्या दिवसांतलं काम असणार. बाळ्याने तो शिल्लक माल वरून चकचकीत करून वर्षभराने खपवला होता.

तिने डॉक्टरीणबाईंकडे पाहिलं. त्या खिडकीतून बाहेर आल्या होत्या. खाली दरी असती तर?

अंगणात तो जोड वाचता येणारी माणसं दोनच. दुसरं माणूस पुढे वाकलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ताईला लहानपणची ती चमक दिसली, बहिणीला मार बसणार हे कळल्यावर यायची ती.

"थांबा!" बाळ्या ओरडला. "हे माझं नाहीच! बघा, खवले उलटे आहेत. डाव्या हाताचं काम आहे. ताई डावखुरी आहे! हे हिनेच केलंय!"

सगळ्या माना ताईकडे वळल्या.

"पण तुम्ही तर म्हणायचात," मास्तर हळूच म्हणाले, "की ताई चहा करायच्या."

"कसला चहा!" बाळ्या आता थांबण्यातला नव्हता. "तेव्हाचं सगळं वेल्डिंग हीच करायची! मी पाइपाला हातसुद्धा लावला नाही! विचारा तिला!"

नवऱ्याने पेपर खाली ठेवला.

ताईने तुकडा टेबलावर ठेवला. तिच्या मनात इतकी वर्षं घोटलेली उत्तरं होती, त्यातलं एकही इथे बसत नव्हतं. "माझंच आहे," ती म्हणाली. "भोक पाडायला विसरले. डॉक्टर, तुमचं दार माझ्यामुळे गेलं. ते मी सरळ करून देते." मग ती भावाकडे वळली. "बाळ्या, आत्ता काय म्हणालास?"

"काय?"

"मागे उभ्या असलेल्यांना ऐकू आलं नाही. तेव्हाचं सगळं वेल्डिंग कोण करायचं?"

बाळ्याने मागे वळून पाहिलं. आपण काय बोलून बसलो ते त्याला तेव्हा कळलं.

पण मास्तर आधीच आपल्या ट्रकखाली घुसले होते. दहा वर्षांपूर्वी त्यांची गाडी एका कड्यावर अर्धी लटकली होती, स्लायडरने पेलून धरली म्हणून ते वाचले होते, आणि वाचल्यावर वर्कशॉपमध्ये जाऊन त्यांनी बाळ्याला रडत मिठी मारली होती. आता गाडीखालून त्यांचे नुसते बूट दिसत होते.

"उलटे!" आतून आवाज आला. "खवले उलटे आहेत! अरे, मी भलत्यालाच मिठी मारली!"

मग काय विचारता! जो तो आपापल्या गाडीखाली. रंग खरवडल्याचा आवाज, आणि एकेका गाडीखालून हाक: "ताईंचं!" "हेही ताईंचं!" ताई हातोडी घेऊन हाकेमागोमाग फिरू लागली. पाइपावर ठोकून आवाज ऐकायची. खणखणीत आला की पुढे, बद्द आला की खडूने फुली. तोवर बद्द एकच आला होता.

"नवीन नऊ जोड्या तुम्हीच करा," मास्तर जमिनीवरूनच म्हणाले. "भोकं पाडून."

बाळ्याने खिशातून किल्ली काढली. पण त्याच्या मागे पाच गाड्या उभ्या होत्या, आणि मालक त्यांच्याखाली. शेवटी तो ताईजवळ येऊन दात-ओठ खात म्हणाला, "झालं समाधान?"

"अजून चार गाड्या ठोकायच्या राहिल्यात," ताई म्हणाली. तिने शेडमधून एक स्टूल ओढत आणलं, सावलीत ठेवलं, मग विचार बदलून उन्हात सरकवलं. "बस."