जाऊबाईंची कंबर आणि वीस मिनिटं

चादरीची दोन टोकं माझ्या हातात, दोन जाऊबाईंच्या. पहिली घडी झाली. दुसरीसाठी त्या माझ्याकडे यायला निघाल्या आणि मध्येच थांबल्या. एक हात कंबरेवर, खालचा ओठ दाताखाली.

"ताई, बसा बघू," मी म्हटलं.

"बसता आलं असतं तर अशी उभी कशाला राहिले असते, धाकटे?"

धाकटी म्हणजे मी. लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून त्यांनी मला नावानं हाक मारलेली नाही. थोरले दीर गेल्यापासून त्या खालच्या खोलीत एकट्या राहतात, आम्ही नवराबायको वर. एकट्या म्हणायचं आपलं. त्यांच्या चहात साखर किती आणि माझ्या आमटीत मीठ किती, हे आम्हा दोघींना एकमेकींचं पाठ आहे.

तीस वर्षं त्या एका शिंप्याच्या दुकानात दुरुस्तीच्या टेबलावर बसतात. घट्ट झालेल्या विजारी सैल करायच्या, सैल कोट घट्ट करायचे, झिपा बदलायच्या. दुकानाचे मास्तर म्हणतात, नवं शिवणारे पुष्कळ मिळतात, दुसऱ्याचं वेडंवाकडं शिवलेलं न चिडता उसवणारी ही एकच बाई. कंबर दुखायला लागून सहा वर्षं झाली. मोठ्या डॉक्टरांनी फोटो काढले आणि सांगितलं, फोटोत काळजीसारखं काही नाही.

"मग दुखतं ते काय शेजारणीचं दुखतं?" जाऊबाईंनी विचारलं होतं. डॉक्टर बिचारे हसले आणि त्यांनी फिजिओथेरपीची चिठ्ठी लिहून दिली. ती चिठ्ठी पर्समध्ये वर्षभर पडून होती.

चादरीच्या त्या दिवसानंतर मात्र बाई दोन महिने कामावर गेल्या नाहीत. मास्तरांचा निरोप आला. माणूस वाईट नाही, पण त्यांच्याकडेही कपड्यांचे ढीग साचलेले. "आणखी दीड महिना थांबतो, पण मग एक तारखेपासून अर्धा दिवस तरी या. नाहीतर मला दुसरी बाई बघावी लागेल."

निरोप ऐकून जाऊबाई म्हणाल्या, "टेबल गेलं की मी नुसती कंबर उरेन गं."

मी देवापुढे बसले आणि उठून ती चिठ्ठी शोधली.

फिजिओथेरपी करणारी मुलगी आमच्या लेकींच्या वयाची. बोलणं गोड, पण नजर मास्तरणीची. तिनं तीन व्यायाम दिले. मांजरासारखी पाठ वर-खाली करायची. उताणं झोपून, गुडघे दुमडून कंबरेचा पूल करायचा. आणि उलट्या पडलेल्या झुरळासारखे हातपाय वर धरून एकेक खाली न्यायचा. प्रत्येक दहा वेळा. सोबत म्हणून मीही करायला लागले. एकदा आमचे हे चहा मागायला खाली आले, दोघींना जमिनीवर तसं बघितलं आणि दारातूनच म्हणाले, "घरात औषध मारायची वेळ आलीय वाटतं."

"भावजी, आधी स्वतःच्या पोटाचा पूल करून दाखवा," जाऊबाई पडल्या पडल्याच म्हणाल्या. हे चहा न घेताच वर गेले.

गुण येईना. दोन दिवस बरे, तीन दिवस अंथरूण. तिसऱ्या भेटीत ती मुलगी विचारात पडली. "आजी, दुखणं वाढतं त्याच्या आदल्या दिवशी काय केलेलं असतं?"

"काही नाही."

"दहाच वेळा करता ना?"

जाऊबाई छताकडे बघायला लागल्या. मग कबूल झाल्या, की बरं वाटलं की त्या तीस-तीस वेळा करतात. "दहानं बरं वाटतं, तर तीसनं तिप्पट नको का वाटायला? शिवाय दोन दिवसांचं आगाऊ होऊन जातं."

"आणि आणखी काय काय आगाऊ होतं?"

मी पिशवीतून माझी वही काढली. कोण आलं, काय रांधलं, हे मी रोज लिहिते आणि शेवटी एका गोष्टीसाठी देवाचे आभार मानते. मुलीनं बोट ठेवून मोठ्यानं वाचलं. मंगळवार : देवाची कृपा, ताईंना आज अजिबात दुखलं नाही, दोघींनी सगळे पडदे धुतले, खिडक्या पुसल्या. बुधवार : ताई आडव्या. गुरुवार : ताई आडव्या. तिनं पानं उलटली. सोमवार : ताई एकदम छान, देवा तुझे उपकार, माळा झाडून काढला. मंगळवार : आडव्या.

असं महिन्यात चार वेळा.

"काकू," ती मला म्हणाली, "तुम्ही देवाचे आभार मानले की दुसऱ्या दिवशी यांची कंबर गेलीच म्हणून समजा."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चांगला दिवस देवाकडे मागायचा मीच, आणि तो मिळाला की त्यांच्या हातात झाडू द्यायचा तोही मीच. जाऊबाईंना मात्र हसू आवरेना. "देवानं दिलं आणि जावेनं नेलं!"

मग मुलीनं नियम घालून दिला. वीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून चालणं. बरं वाटतंय म्हणून एकविसावं मिनिट नाही. दुखतंय म्हणून अंथरूण धरायचं नाही, दहा मिनिटं का होईना, करायचंच. "दुखणं पूर्ण जाईल असं मी सांगत नाही, आजी. पण ते तुमचा दिवस ठरवणार नाही."

ऐकायला सोपं. पण जाऊबाईंनी जन्मात काम अर्धवट टाकलेलं नाही. घड्याळाचा गजर झाला की निम्मी भाजी चिरलेली सोडून उठायचं, म्हणजे त्यांना वर्गाबाहेर काढल्यासारखं वाटे. "एवढी शेंग तरी चिरू दे." मी सुरी काढून घेत असे. तीन आठवडे मी त्यांची पोलीस होते, आणि शिव्याही पोलिसांच्याच खाल्ल्या.

एक तारखेला मी त्यांच्याबरोबर दुकानात गेले आणि बाकावर बसले. पहिला गजर निभावला. दुसऱ्याच्या वेळी समोर एक घाईतलं गिऱ्हाईक उभं होतं, कंबरेत वाढवलेल्या विजारीसाठी. टीप चार बोटं उरली होती. गजर वाजला. जाऊबाईंचा पाय मशीनवरच. मी मनात देवाचं नाव घेतलं आणि बाकावरच बसून राहिले. मशीन अजून बोटभर चाललं. मग थांबलं. त्यांनी सुई कापडात खाली ठेवली, म्हणजे टीप हलायला नको, आणि टेबलाला धरून उठल्या.

"अहो बाई, तीन बोटं राहिली!" मास्तर म्हणाले.

"राहू देत. मी पाच मिनिटं चालून येते. तोवर यांना पाणी द्या."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे. बाई दारापर्यंत गेल्या, आल्या, पुन्हा गेल्या. पाणी पिऊन झाल्यावर गिऱ्हाईकानं विचारलं, "ह्यांना काय होतंय?"

"काही होऊ नये म्हणून चाललंय," जाऊबाई दारातून म्हणाल्या.

सहा मिनिटांनी विजार तयार होती. जाताना मास्तर एवढंच म्हणाले, "उद्या जमतंय का बघा, मग ठरवू."

खरी परीक्षा दुसऱ्या सकाळचीच होती. मी जिन्यात उभी राहून कान देत होते. खाली कडी वाजली. जाऊबाई केस बांधत बाहेर आल्या.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय की. पण उठवतंय."

आठवडाभर रोज उठवलं. शनिवारी मास्तरांनी दुसऱ्या बाईला नको म्हणून कळवलं. मी वहीत देवाचे आभार लिहिले, आणि त्या दिवशी घरातलं एकही जादा काम काढलं नाही.

आज दुपारी जाऊबाईंना सुताराकडे जायचंय, दुकानातल्या स्टुलाला पाठ बसवून घ्यायला.